गोठ्यातली जुनी औषधं

गोठ्याच्या आढ्यावर, कडब्यामागे हात घातला की जुन्या कीटकनाशकाची, म्हणजे फोरेटची एखादी पुडी किंवा झाकण गंजलेली एंडोसल्फानची बाटली हाती लागतेच. एंडोसल्फानवर 2011 पासून बंदी आहे, फोरेटवर 2020 च्या अखेरीपासून. म्हणजे ती 'राहू दे, कामाला येईल' म्हणत ठेवायची वस्तू उरलेली नाही. मुदत संपलेलं औषध किडीवर चालेल याची खात्री नसते. माणसाला मात्र ते तेवढंच बाधतं.

विहिरीत, ओढ्यात, उकिरड्यावर टाकू नका. जाळूही नका, धूर विषारी असतो. दुसऱ्या बाटलीत, विशेषतः पाण्याच्या, अजिबात ओतू नका; घरातलं कोणीतरी ती सहज तोंडाला लावतं.

हातमोजे घाला. गळकी बाटली लेबलसकट झाकणाच्या प्लास्टिक डब्यात उभी ठेवा, भोवती कोरडी माती भरा, डब्यावर ठळक 'विष' लिहून कुलपात ठेवा. सांडलं तर पाणी मारू नका. माती टाकून टिपा आणि ती मातीही त्याच डब्यात भरा.

मग तालुका कृषी अधिकाऱ्यांना कळवा, किंवा 1800-180-1551 या किसान कॉल सेंटरवर विचारा. बिल सापडलं तर दुकानदारालाही दाखवा.