कॉलेजचं कलासंग्रहालय चालवताय? या चुका टाळा

इमारतीला देणगीदार मिळतो, कारण तिथे नावाची पाटी लागते. वीजबिलावर कुणाचंच नाव येत नाही. म्हणून सगळा निधी बांधकामात जातो आणि चालवण्याच्या खर्चाचं ‘पुढे बघू’. साधा हिशोब घाला: ५० लाखांचा कॉर्पस (मुद्दल न मोडता व्याजावर खर्च चालवायची कायम ठेव) ७ टक्क्यांनी ठेवला तर वर्षाला साडेतीन लाख, म्हणजे महिन्याला जेमतेम २९ हजार. एवढ्यात संग्रह सांभाळणारा चांगला क्युरेटरही टिकणार नाही, मग विमा, रखवालदार आणि एसी लांबच. खोल्या दोन कमी बांधा, ठेव मोठी ठेवा.

‘सीएसआर (कंपन्यांनी सामाजिक कामासाठी द्यायचा निधी) आहे की’ असं कुणीतरी बैठकीत म्हणतंच. कंपनी कायदा २०१३ च्या सातव्या परिशिष्टात कला-संस्कृती बसते, हे खरं. पण कॉर्पससाठी दिलेली रक्कम आता सीएसआर म्हणून धरली जात नाही. त्यामुळे कंपनीकडे ठोस प्रकल्प घेऊन जा: जुन्या चित्रांची डागडुजी, जिल्हा परिषद शाळांच्या भेटींचा वर्षाचा कार्यक्रम. प्राप्तिकर सवलतीसाठीची १२ए, ८०जी आणि सीएसआर निधी घेण्यासाठीची सीएसआर-१ ही नोंदणी आधी उरकलेली हवी. कॉर्पससाठी माजी विद्यार्थ्यांकडेच जावं लागतं.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे अडचण आली की भिंतीवरच्या चित्रांकडे मुदत ठेव म्हणून पाहणं. अमेरिकेत ब्रँडाइस विद्यापीठाच्या विश्वस्तांनी मंदीच्या तडाख्यात, जानेवारी २००९ मध्ये, आपलं रोझ संग्रहालय बंद करून संग्रह विकायचा ठराव केला. देशभर गहजब झाला, देणगीदार कोर्टात गेले आणि २०११ मध्ये विक्रीचा बेत सोडून तडजोड करावी लागली. तिथल्याच रँडॉल्फ कॉलेजनं मात्र विकलंच. चित्रकार जॉर्ज बेलोज यांचं ‘मेन ऑफ द डॉक्स’ हे चित्र २०१४ मध्ये लंडनच्या नॅशनल गॅलरीला २ कोटी ५५ लाख डॉलरला गेलं. रक्कम घसघशीत, पण संग्रहालय-संचालकांच्या संघटनेनं आपल्या सभासदांना या कॉलेजच्या संग्रहालयाला चित्रं उसनी देऊ नका असं सांगितलं. चूक विश्वस्तांची आणि शिक्षा संग्रहालयाला. माझ्या मते तरीही ती योग्यच होती. असं एकदा झालं की पुढचा चित्रकार आपलं काम तुम्हाला कशाच्या भरवशावर देईल?

देणगी घेतानाही डोळे उघडे ठेवा. चित्रकार जॉर्जिया ओकीफ यांनी १९४९ मध्ये अमेरिकेतल्याच फिस्क विद्यापीठाला १०१ कलाकृती दिल्या, त्या विकायच्या नाहीत आणि एकत्रच मांडायच्या या अटींवर. विद्यापीठाला पुढे खर्च झेपेना. वर्षानुवर्षं कोर्टकचेरी होऊन २०१२ मध्ये ३ कोटी डॉलर घेऊन संग्रह आर्कान्सातल्या संग्रहालयाशी वाटून घ्यावा लागला. आपल्याकडे तर पुष्कळदा दानपत्रच नसतं. ‘सरांनी दिलं’ एवढाच पुरावा. सर गेले की वारस दारात. वस्तू शंभर वर्षांहून जुनी असेल तर १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली नोंदणी लागते का, तेही तपासा.

आता ‘लोकांसाठी’ या शब्दाकडे. उद्घाटनाच्या पत्रिकेवर तो असतोच. प्रत्यक्षात गेटवर आयकार्ड विचारतात, वहीत नाव, नंबर, ‘कोणाला भेटायचंय?’ लिहावं लागतं आणि रविवारी कुलूप. भाजी घेऊन घरी निघालेली बाई यातून आत येणार कशी? रस्त्याच्या बाजूला वेगळं दार काढा, रविवारी उघडं ठेवून सोमवारी सुट्टी घ्या आणि फलक मराठीत लावा. अमेरिकेत ओहायोतल्या ऑबर्लिन कॉलेजात १९४० पासून मूळ चित्रं नाममात्र भाड्यानं विद्यार्थ्यांना खोलीत लावायला देतात. त्यासाठी मुलं आदल्या रात्रीपासून रांगेत झोपतात. आपण निदान चांगल्या प्रती गावातल्या वाचनालयाला फिरत्या देऊ शकतो.

आणि पावसाळा. वीज वाचवायला रात्री एसी बंद, सकाळी चालू, असं केल्यानं आर्द्रता सारखी वरखाली होते आणि कॅनव्हासला ते जास्त बाधतं. पावसात भिजणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर फ्रेम टेकवून लावू नका, मागे हवा खेळायला जागा सोडा. कागदावरच्या जलरंगांना प्रकाश ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) आतच हवा. सुट्टीतही आठवड्यातून एकदा कुणीतरी कुलूप उघडून वाळवी-कसर बघायला हवी. ते काम कुणाचं, हे नावानिशी लिहून ठेवा.