झोंबीपट पाहायला सुरुवात कशी करावी

भयपटांची आवड असलेल्या पुण्यातल्या अनेकांची झोंबीपटांशी, म्हणजे मेलेली किंवा संसर्गाने पिसाटलेली माणसे जिवंतांवर तुटून पडतात अशा चित्रपटांशी, पहिली ओळख मोबाइलवर तुकड्यातुकड्यांनी पाहिलेल्या दृश्यांतून होते, आणि ‘हे सगळे सारखेच’ असे ठरवून ते या प्रकाराकडे पाठ फिरवतात. वास्तविक चांगल्या झोंबीपटाचा प्राण माणसांनी आसऱ्याला निवडलेल्या बंद जागेत आणि तिचे दार कोणासाठी उघडायचे यावरून आत पेटणाऱ्या भांडणात असतो. म्हणून कोणताही झोंबीपट पाहताना जागा कोणती आहे आणि दाराचा ताबा कोणाकडे आहे, या दोन गोष्टींवर लक्ष ठेवावे. पुढचा क्रम त्याच दृष्टीने लावला आहे.

आरंभ जॉर्ज रोमेरो यांच्या १९६८ सालच्या ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’पासूनच करावा. त्याआधीचे झोंबी, उदाहरणार्थ १९३२ च्या ‘व्हाइट झोंबी’तले, हैतीमधल्या समजुतींवर बेतलेले आणि मांत्रिकाच्या हुकमाखाली राबणारे होते, ते नंतर सवडीने पाहता येतील. रोमेरो यांनी मांत्रिकाला काढून टाकले, मेलेल्यांना माणसाच्या मांसाची भूक दिली आणि पेनसिल्व्हेनियातल्या एका शेतघरात काही अनोळखी माणसांना कोंडले. तळघरात दडून बसावे की वर घरातच राहून खिडक्या-दारे ठोकून घ्यावीत, यावर बेन आणि हॅरी कूपर यांच्यात होणारा वाद नीट ऐकावा, कारण पुढच्या कितीतरी झोंबीपटांचे बीज त्या वादात आहे. बेनची भूमिका ड्वेन जोन्स या कृष्णवर्णीय अभिनेत्याने केली आहे. संवादांत त्याच्या वर्णाचा उल्लेख येत नाही, तरीही १९६८ ची अमेरिका प्रत्येक चौकटीत जाणवते. शेवट इथे सांगत नाही, पण श्रेयनामावली संपेपर्यंत उठू नये. प्रदर्शनाच्या वेळी नाव बदलताना पडद्यावरची स्वामित्वहक्काची सूचना गळाली आणि चित्रपट सर्वांना खुला झाला; त्यामुळे त्याच्या धूसर, खरखरीत प्रती सगळीकडे सापडतात. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने फिल्म फाउंडेशनच्या साह्याने पुनरुज्जीवित केलेली प्रत मिळवावी. कृष्णधवल छायाचित्रणातली काळोखाची खोली तिच्यातच दिसते.

त्यानंतर रोमेरो यांचाच १९७८ चा ‘डॉन ऑफ द डेड’ घ्यावा. इथली बंद जागा म्हणजे पिट्सबर्गजवळचा मनरोव्हिल मॉल. दुकाने बंद झाल्यावर रात्री तिथे चित्रीकरण चाले, आणि नाताळची सजावट लागल्यावर ते काही काळ थांबवावे लागले होते. आत हवी ती वस्तू फुकट मिळत असताना माणसे हळूहळू कशी सुस्तावतात, हे पाहण्यासारखे आहे. रंगभूषाकार टॉम सॅव्हिनी यांनी व्हिएतनाम युद्धात छायाचित्रकार म्हणून काम केले होते, त्यामुळे खऱ्या जखमा त्यांनी जवळून पाहिल्या होत्या. या चित्रपटातले रक्त मात्र मुद्दाम भडक आहे, तेव्हा त्याने बिचकू नये. वेगवेगळ्या लांबीच्या आवृत्त्यांपैकी प्रथम १२७ मिनिटांची पाहावी.

इथून थेट २००२ सालच्या ‘ट्वेंटी एट डेज लेटर’कडे जायला हरकत नाही. डॅनी बॉयल यांच्या या चित्रपटातली माणसे मेलेली नाहीत, संसर्गाने पिसाटलेली आहेत आणि ती धावतात. ओस पडलेल्या लंडनची दृश्ये पहाटे थोडा थोडा वेळ वाहतूक रोखून, हलक्या डिजिटल कॅमेऱ्यांनी टिपली आहेत. चित्राचा खरबरीतपणा त्या कॅमेऱ्यांचा आहे.

स्पॅनिश ‘रेक’ (२००७) फक्त ७८ मिनिटांचा आहे, पण तो दिवे मालवून, आवाज चांगला ठेवून, एका बैठकीत पाहावा. बार्सिलोनातल्या एका इमारतीला बाहेरून अधिकारी सील ठोकतात आणि आतल्यांना कारणही सांगत नाहीत. पुणेकराला ही भीती नवी वाटू नये. १८९७ च्या प्लेगात या शहरात सोजीर घराघरांत शिरून तपासणी करत, रुग्णांना इस्पितळात आणि त्यांच्या घरच्यांना विलगीकरणाच्या छावणीत नेत. त्यातून उसळलेला संताप इतिहासात नोंदलेला आहे. तो इतिहास मनात ठेवून ‘रेक’ पाहिला की दाराबाहेरचे अधिकारी आतल्या संसर्गाइतकेच भयंकर वाटू लागतात.

या सगळ्यांत भावनेने सर्वांत समृद्ध चित्रपट म्हणजे येऑन सांग-हो यांचा कोरियन ‘ट्रेन टू बुसान’ (२०१६). सोलहून बुसानला निघालेल्या वेगवान गाडीत एक कामात बुडालेला बाप आणि त्याची लहान मुलगी आहे, आणि डब्यांमधली प्रत्येक काच ही सीमा आहे. संसर्ग झालेल्यांना अंधारात दिसत नाही, त्यामुळे बोगदे आले की गोष्टीची चाल बदलते. बोरघाटातून मुंबईला जाणाऱ्या प्रवाशाला उजेड-अंधाराची ती लय अंगवळणी पडलेली असते आणि तिचा इथे केलेला उपयोग त्याला अधिक भिडेल. सुरक्षित डब्यातली माणसे दार उघडायला नकार देतात तो प्रसंग या संपूर्ण प्रकाराचा कळस आहे, असे माझे ठाम मत आहे. हिंदी डबिंग टाळून मूळ कोरियन आवाज आणि उपशीर्षके निवडावीत, कारण मुलीच्या आवाजावर बरेच काही अवलंबून आहे.

भारतीय चित्रपटांत ‘गो गोवा गॉन’ (२०१३) आणि तमिळ ‘मिरुथन’ (२०१६) करमणुकीसाठी पाहावेत. अधिक लक्ष द्यावे ते आदित्य सरपोतदार यांच्या ‘झोंबिवली’कडे (२०२२). अमेय वाघ, ललित प्रभाकर आणि वैदेही परशुरामी यांच्या या मराठी चित्रपटात डोंबिवलीतली उंच सोसायटी आणि शेजारची वस्ती समोरासमोर आहेत, आणि वाद पाण्याचा आहे. विनोद काही ठिकाणी लांबतो. तरीही सोसायटीचे फाटक कोणासाठी उघडते हा प्रश्न तो आपल्या भाषेत विचारतो, याचे मोल मोठे आहे.

शिनिचिरो उएदा यांचा जपानी ‘वन कट ऑफ द डेड’ (२०१७) मात्र अगदी शेवटी ठेवावा. सुमारे ३० लाख येनमध्ये केलेला हा चित्रपट वर सांगितलेले संकेत ठाऊक असल्यावरच पूर्ण रंगतो. त्याची झलक पाहू नये, कथेबद्दल वाचू नये आणि सलग एकाच शॉटमध्ये चित्रित केलेली पहिली ३७ मिनिटे कितीही ओबडधोबड वाटली तरी मध्येच बंद करू नये. पुरुषोत्तम करंडक या महाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेसाठी रात्र रात्र तालमी केलेल्या मित्रमैत्रिणींना आवर्जून सोबत बोलवावे, कारण उरलेल्या भागातली धांदल त्यांच्याइतकी दुसऱ्या कोणाला कळणार नाही.