सर्व्हे शिकायला निघालात? मग ही घ्या यादी

मावसबहिणीला पुण्यात सिव्हिलला सीट मिळाली, आणि कॅपचा (इंजिनिअरिंग प्रवेशाचा) राऊंड संपून दोन दिवस झाले नाहीत तोवर मावशी अप्पा बळवंत चौकातून मिनी ड्राफ्टर, शीट ठेवायची नळी, तीन प्रकारच्या पेन्सिली आणि एक अख्खी सॅक घेऊन आली पण. मग बहिणीचा मेसेज, ताई मला सर्व्हेमध्येच, म्हणजे जमिनीच्या मोजणीतच, पुढे जायचंय, तू करतेस तसं, काय काय तयारी करू ते यादी करून पाठव. यादी करायला बसले आणि हे एवढं झालं, एक-दोन-तीन नंबर घालायचा कंटाळा आलाय त्यामुळे असंच वाचा.

पहिलं म्हणजे कुठल्या दारातून आत जायचं ते आधी ठरवा, कारण इकडे बहुतेक जण सर्व्हेकडे सिव्हिलमधूनच येतात, आणि सिव्हिलमध्ये सर्व्हे हा सेकंड इयरचा एक विषय असतो, पुढे थोडा इलेक्टिव्हमध्ये, बास. त्यामुळे चार वर्षं नुसती मोजणीच शिकवतील असं समजून जाऊ नका. ज्याला नकाशे, सॅटेलाईट, जीआयएस (कॉम्प्युटरवरचे नकाशे आणि त्यांची माहिती) यातच रस आहे त्याने नंतर जिओइन्फॉर्मेटिक्सचं मास्टर्स बघावं, पुण्यात सिम्बायोसिसची त्याच विषयाची वेगळी इन्स्टिट्यूट आहे. आणि ज्याला सरकारी मोजणी खात्यात जायचंय त्याने हे पण डोक्यात ठेवा की भूमि अभिलेखच्या भूकरमापक पदाला डिग्रीची अट नसते, सिव्हिलचा डिप्लोमा किंवा आयटीआयचा सर्व्हेअर ट्रेड चालतो, वर टायपिंगचं सर्टिफिकेट मागतात. म्हणजे डिग्री हातात आणि टायपिंग नाही म्हणून फॉर्म अडला, अशी गंमत होऊ देऊ नका. सुट्टीत मराठी टायपिंग उरकून टाका, नाहीतरी रील्सच बघणार आहात.

गणित. घाबरवत नाही, पण बारावीची त्रिकोणमिती विसरून चालणार नाही, साइन कॉस टॅन रोज लागतं. त्याहून जास्त लागतं ते म्हणजे अंश-मिनिट-सेकंदांची बेरीज वजाबाकी, आणि इथे हुशार मुलं पण आपटतात कारण ६० चा हातचा घ्यायची सवय नसते. कॅसिओ ९९१ घ्या, ज्यावर अंश-मिनिट-सेकंदाचं वेगळं बटण असतं ते, आणि त्यातलं पोल आणि रेक हे दोन फंक्शन कॉलेज सुरू व्हायच्या आधी शिकून घ्या. रेकमध्ये लांबी आणि बेअरिंग (उत्तरेपासूनचा कोन) टाकलं की लॅटिट्यूड (उत्तर-दक्षिण अंतर) आणि डिपार्चर (पूर्व-पश्चिम अंतर) दोन्ही एका फटक्यात मिळतात, पोल म्हणजे त्याचं उलट. ट्रॅव्हर्सच्या (एकापुढे एक जोडलेल्या रेषांच्या मोजणीच्या) गणितात बाकीचे साइन-कॉसचं कोष्टक भरत बसतात तेव्हा तुमचं करून झालेलं असतं. मला हे थर्ड इयरला कळलं, फार वाईट वाटलं होतं.

आता सामान. इन्स्ट्रुमेंट कॉलेज देतं, ते विकत घ्यायचं नसतं (मावशीने विचारलं होतं टोटल स्टेशन, म्हणजे कोन आणि अंतर दोन्ही मोजणारं मशीन, केवढ्याला येतं, मी आकडा सांगितल्यावर फोनवर शांतता). तुम्ही घ्यायचं ते म्हणजे पकड असलेले बूट, सँडल नाही, टेकडीवर मुरूम घसरतो. पाच मीटरचा खिशातला टेप, इन्स्ट्रुमेंटची उंची मोजायला दर वेळी दुसऱ्याकडे मागत बसायला लागत नाही. परमनंट मार्कर, खडू, थोडे खिळे. एक मोठी छत्री, तुमच्यासाठी नाही, लेव्हलसाठी (उंचीतला फरक मोजायची दुर्बीण), कारण उन्हात तिचा बबल (सपाटी दाखवणारा बुडबुडा) एका बाजूने तापला की सरकतो. पावसाळ्यात मोठी प्लास्टिकची पिशवी, ती पण आधी इन्स्ट्रुमेंटला. पाण्याची दोन लिटरची बाटली. आणि मुलींनो, टेकडीवर किंवा रोड प्रोजेक्टला दिवसभर बाथरूमची सोय नसते, हे कुणीच आधी सांगत नाही, म्हणून मुली पाणी पीत नाहीत आणि दुपारी चक्कर येते. सकाळी साईटवर गेल्या गेल्या जवळचं हॉटेल किंवा पेट्रोल पंप शोधून ठेवायचा, ते पण तयारीतच मोडतं.

फील्डबुक. यावर मी जास्त बोलणार आहे कारण बाकी सगळं शिकवतात आणि हे कुणी शिकवत नाही. रीडिंग चुकलं तर खोडरबर वापरायचा नाही, एक रेघ मारायची आणि वर बरोबर आकडा लिहायचा. पहिल्या पानावर तारीख, हवा, इन्स्ट्रुमेंटचा नंबर, कोण बघतंय, कोण लिहितंय, स्टाफ (दुर्बिणीतून वाचायची आकडे लिहिलेली उंच पट्टी) कोणाकडे. लिहिणाऱ्याने आकडा ऐकून परत मोठ्याने म्हणायचा, एक चारशे पंच्याऐंशी, हो, मग लिहायचा. आम्ही हे सगळं वेडेपणा समजायचो. सेकंड इयरला टेकडीच्या पायथ्याशी फ्लाय लेव्हलिंग (लेव्हल पुढे पुढे नेत उंची मोजत जायचं) होतं, साधारण पाऊण किलोमीटरचा फेरा मारून निघालो त्याच बेंचमार्कवर (उंची माहीत असलेल्या खुणेवर) परत यायचं. दुपारी बॅकसाईटची (लेव्हल लावल्यावरच्या पहिल्या रीडिंगची) बेरीज वजा फोरसाईटची (ती हलवायच्या आधीच्या शेवटच्या रीडिंगची) बेरीज केली, शेवटचा आरएल (पॉइंटची काढलेली उंची) वजा पहिला आरएल केला, दोन्ही जुळले, आम्ही खूश, स्टोअरला सामान जमा केलं आणि थेट वडापाव. रात्री रूमवर एक जण म्हणाला की अरे पण आपण निघालो त्याच पॉइंटवर आलो ना, मग शेवटचा आरएल अकरा सेंटीमीटर खाली कसा?

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की ते जे जुळलं ते फक्त आमचं बेरीज-वजाबाकीचं गणित होतं, रीडिंग चुकीची असली तरी ते जुळतंच. खरी परीक्षा म्हणजे क्लोजिंग एरर, त्याच पॉइंटवर परत आल्यावर उंचीत पडलेला फरक, आणि साध्या लेव्हलिंगला ती २४ मिलीमीटर गुणिले किलोमीटरच्या आकड्याचं वर्गमूळ इतकी चालते, म्हणजे आमच्या पाऊण किलोमीटरला साधारण २१ मिलीमीटर. आमची होती ११०. दुसऱ्या दिवशी परत सगळं. कारण काय निघालं तर टेलिस्कोपिक स्टाफचा वरचा भाग पूर्ण वर जाऊन खटका बसला नव्हता, मधेच कधीतरी घसरला, आणि स्टाफ धरणारी मीच होते. त्यामुळे यादीत लिहून ठेवा, स्टाफ उघडल्यावर खटक्याचा आवाज ऐकायचा आणि क्लोजिंग साईटवरच काढायची, इन्स्ट्रुमेंट पेटीत जायच्या आधी. वडापाव नंतर.

स्टोअरमधून लेव्हल घेताना सही करायच्या आधी फूट स्क्रू (सपाटी करायचे खालचे स्क्रू) फिरतात का, ट्रायपॉडच्या तिन्ही पायांचे क्लॅम्प घट्ट होतात का ते बघा. टर्मच्या सुरुवातीला एकदा टू पेग टेस्ट (दोन खुंट्यांवर लेव्हल तपासणं) करून घ्या, अर्धा तास जातो पण आपली लेव्हल किती खोटं बोलते ते कळतं. आणि लेव्हल शक्यतो दोन स्टाफच्या मधोमध लावायची, मग ते खोटं आपोआप कटतं, पृथ्वीच्या गोलाईचं पण कटतं. ही गोलाई आणि रिफ्रॅक्शन (हवेत नजरेची रेषा वाकणं) मिळून एक किलोमीटरला ६७ मिलीमीटर होतं, व्हायवाला हमखास विचारतात. एप्रिल-मेमध्ये सकाळी सातला सुरू करून अकराच्या आत उरका, नंतर जमिनीवरची हवा थरथरते आणि स्टाफचा खालचा अर्धा मीटर नाचायला लागतो.

टोटल स्टेशन हातात आलं की सगळ्यांना वाटतं आता मशीनच करणार. मशीन तेच करतं जे तुम्ही टाकता. प्रिझम (काठीवरची काच, जिच्यावरून मशीनचा किरण परत येतो) कॉन्स्टंट, म्हणजे अंतरात धरायची दुरुस्ती, तपासा, बऱ्याच प्रिझमचा उणे ३० मिलीमीटर असतो, काहींचा शून्य, चुकीचा टाकला तर प्रत्येक अंतरात तेवढी खोट. तापमान टाका, एका अंशाने किलोमीटरला साधारण एक मिलीमीटर फरक पडतो, कॉलेजच्या कामात तो दिसणार नाही पण सवय लागते. सगळ्यात जास्त घोळ प्रिझमच्या काठीचा. मशीनमध्ये उंची दीड मीटर टाकलेली असते, झुडपाआडून दिसत नाही म्हणून काठीवाला ती दोन मीटर करतो आणि सांगत नाही, मग त्यानंतरचा प्रत्येक पॉइंट अर्धा मीटर वर जातो आणि कॉन्टूरमध्ये (सारख्या उंचीच्या रेषांमध्ये) मस्त टेकाड दिसतं जे तिथे नाहीचे. म्हणून काठीवाल्याशी फोनवर कॉल चालू ठेवा किंवा हाताच्या खुणा ठरवा. आणि दुर्बिणीतून सूर्याकडे कधीच बघायचं नाही, डोळा पण जातो आणि मशीन पण.

लोकांची तयारी पण ठेवा. पुण्यात ट्रायपॉड लावला की पाच मिनिटांत एक आजोबा येतात. इथून मेट्रो जाणार का, रस्ता रुंद करताय का, आमचं कंपाउंड जाणार का. हसू नका, नीट सांगा की काका आम्ही स्टुडंट आहोत, प्रॅक्टिकल चालू आहे, आणि कॉलेजचं पत्र खिशात ठेवा. मी आता साईटवर काम करते तिथे हेच आजोबा शेताच्या बांधावर भेटतात आणि तिथे प्रश्न खरा असतो.

त्यासाठीच शेताची भाषा शिकून घ्या जी सिलॅबसमध्ये नसते. सातबारा वाचता यायला पाहिजे, गट नंबर, पोटहिस्सा, बांध, फाळणी हे शब्द कळले पाहिजेत. शेतमोजणीची जुनी साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे, आणि एक साखळी बाय एक साखळी म्हणजे १०८९ चौरस फूट, तोच आपला गुंठा. आर म्हणजे १०० चौरस मीटर, १०७६ चौरस फूट. लोक बोलताना दोन्ही एकच धरतात, गुंठ्याला तेरा-एक चौरस फुटांचा फरक, आणि पुण्याच्या आसपासच्या भावाने तो किती पैशांचा होतो ते तुम्हीच करा. आणि हे सगळं आपल्याच जिल्ह्यातलं आहे, इंग्रजांच्या काळातली विंगेट-गोल्डस्मिडची शेतसाऱ्याची मोजणी १८३०च्या दशकात इंदापूर तालुक्यापासून सुरू झाली, आणि अलीकडे गावठाणाची ड्रोनने मोजणी करून बघितली ती पुरंदरच्या सोनोरी गावात, मग २०२० मध्ये गावठाण मोजणीची स्वामित्व योजना काही राज्यांत सुरू झाली आणि २०२१ मध्ये देशभर आली. एका रविवारी गाडी काढून सोनोरीला जाऊन या, मल्हारगड पण तिथेच आहे.

लॅपटॉपवर क्यूजीआयएस (नकाशे करायचं सॉफ्टवेअर) टाका, फुकट आहे. ऑटोकॅड स्टुडंटना फुकट मिळतं, कॉलेजच्या मेल आयडीने. सर्व्हे ऑफ इंडियाच्या साईटवरून टोपोशीट (डोंगर, नद्या, रस्ते दाखवणारा सरकारी नकाशा) उतरवून घ्या आणि आपलं घर शोधा, शिवाजीनगर ४७ एफ/१४ नंबरच्या शीटमध्ये आहे, कात्रज खालच्या ४७ एफ/१५ मध्ये. ही संस्था १७६७ ची, मुख्यालय डेहराडून, हा पण व्हायवाचा लाडका प्रश्न. यूटीएममध्ये (जागा मीटरमध्ये सांगायच्या पद्धतीत) पुणे ४३ उत्तर झोनमध्ये येतं, ईस्टिंग (पूर्वेकडचा आकडा) पावणेचार लाखांच्या आसपास आणि नॉर्दिंग (उत्तरेकडचा) साडेवीस लाखांच्या आसपास दिसलं पाहिजे. उलटं दिसलं तर एक्स-वाय अदलाबदल झालीय, पॉइंट भलतीकडे जाऊन पडतील. पॉइंटला नावं देताना झाड, खांब, रस्त्याची कड असे कोड आधी ठरवा, नाहीतर रात्री ३१२ नंबरचा पॉइंट म्हणजे काय यावर ग्रुपमध्ये भांडण. डेटा त्याच दिवशी दोन ठिकाणी कॉपी करा.

ग्रुप निवडताना मित्र बघू नका, सकाळी साडेसहाला उठणारे बघा. शीट त्या-त्या आठवड्यात काढा, सबमिशनच्या आदल्या रात्री दुसऱ्याच्या कॉन्टूर ट्रेस करून काय होतं ते सरांना लगेच कळतं, कारण सगळ्या ग्रुपच्या टेकडीला एकाच जागी एकच बारीक चूक असते.

ड्राफ्टर परत करू नकोस, फर्स्ट इयरच्या ग्राफिक्सला लागेल. टोपी मात्र मावशीने आणलेलीच नाहीये, ती तेवढी घेऊन ये.