टर्मिनलवर मजकुराचा मॉर्स कसा करावा आणि तो कानानं कसा ओळखावा

माझे आजोबा तारघरात होते. आज वय अठ्ठ्याऐंशी. पण जेवायला बसले आणि वाढायला उशीर झाला की ताटाच्या कडेवर बोटानं ठोके देतात. लहानपणी आम्हाला वाटायचं, चाळा आहे. खूप उशिरा कळलं की ते शब्द असतात, मॉर्समधले: ठिपके आणि रेघांनी अक्षरं सांगायची तारेची भाषा. देशातली तारसेवा १५ जुलै २०१३ पासून बंद झाली, आणि त्यांची ही भाषा समजणारं इंदूरला रामबागेतल्या आमच्या घरात कोणी उरलं नाही. म्हणून मी शिकायला घेतलं. हाताशी लॅपटॉप होता, त्यावर लिनक्स होतं. पुरेसं झालं.

कमांडबद्दल एक गोष्ट आधीच सांगते. देवासच्या मामाला फोनवरून सांगितल्या तशाच, उच्चारानं, त्या इथे लिहिल्या आहेत. टाइप करताना सगळं इंग्रजी बारीक अक्षरांत करायचं. ‘वजा’ म्हणजे कीबोर्डवरची आडवी छोटी रेघ. तिच्या आणि पुढच्या अक्षराच्या मध्ये जागा सोडायची नाही.

साधनं बसवणं

उबुंटू, डेबियन किंवा मिंट (हे लिनक्सचे प्रकार) असेल तर टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, उघडा आणि लिहा:

सूडो ॲप्ट इन्स्टॉल बीएसडीगेम्स सीडब्ल्यू

‘सूडो’ म्हणजे एस, यू, डी, ओ. ‘ॲप्ट’ म्हणजे ए, पी, टी; प्रोग्रॅम बसवून देणारं साधन. ‘बीएसडीगेम्स’ हा सलग एक शब्द आहे आणि ‘सीडब्ल्यू’ म्हणजे फक्त सी आणि डब्ल्यू ही दोन अक्षरं. पहिल्या पॅकेजात ‘मॉर्स’ नावाचा छोटा प्रोग्रॅम येतो, तो मजकुराचे ठिपके आणि रेघा करून देतो. दुसरा तोच मजकूर वाजवून दाखवतो. विंडोजवर काम करणाऱ्यांनी डब्ल्यूएसएलमध्ये (विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय) उबुंटू बसवून घ्यावं, पुढचं सगळं सारखंच.

इथे मी एक संध्याकाळ घालवली, ती तुमची वाचावी. ‘मॉर्स’ याच नावाचं एक वेगळं पॅकेजही ॲप्टमध्ये आहे. ते हॅम रेडिओ, म्हणजे हौशी रेडिओ, शिकणाऱ्यांच्या सरावासाठी आहे, त्याचे पर्याय निराळे. मी ते बसवून बसले होते आणि माझी कमांड काही केल्या चालेना. आपल्याला बीएसडीगेम्समधलाच मॉर्स हवा. तो बसवूनही ‘कमांड नॉट फाउंड’ आलं, तर पूर्ण पत्ता द्या: तिरकी रेघ, यूएसआर, तिरकी रेघ, गेम्स, तिरकी रेघ, मॉर्स. हे प्रोग्रॅम खेळांच्या फोल्डरात राहतात.

मजकुराचे ठिपके-रेघा

मी इंदूरची आहे म्हणून पहिला शब्द पोह्यांचाच. लिहा:

मॉर्स वजा-एस पोहे

पोहे म्हणजे पी, ओ, एच, ई. एन्टर दाबलं की प्रत्येक अक्षर वेगळ्या ओळीवर येतं:

·−−·
−−−
····
·

खाली एक रिकामी ओळ सोडून आणखी एक खूण दिसेल: ···−·− . ही तुमच्या मजकुरातली नाही. ‘संदेश संपला’ असं सांगणारी ती खूण आहे आणि प्रोग्रॅम ती दर वेळी स्वतःहून जोडतो. मामानं पहिल्याच फोनवर विचारलं होतं, ‘अगं, हे शेवटचं अक्षर कोणतं?’ म्हणून मुद्दाम लिहिलं.

वजा-एस विसरलात तर ठिपक्यांऐवजी ‘डिट’ आणि ‘डॉ’ असे शब्द छापून येतील. चुकीचं काही नाही, उलट मोठ्यानं वाचून बघा. पी म्हणजे ‘डिट डॉ डॉ डिट’. अक्षराची लय जिभेवर बसते.

लांब मजकूर किंवा प्रश्नचिन्हं, उद्गारचिन्हं असतील तर ते कमांडच्या ओळीत घालू नका, टर्मिनल त्यांचा भलताच अर्थ लावतं. नुसतं ‘मॉर्स वजा-एस’ लिहून एन्टर दाबा, मग निवांत मजकूर टाइप करा, आणि संपल्यावर नव्या ओळीवर कंट्रोल-डी दाबा.

देवनागरी मात्र याला कळत नाही. चूक दाखवत नाही, मुकाट्यानं अक्षरं गाळतो, आणि तुमच्या पदरात फक्त शेवटची खूण पडते. मराठी आधी रोमन अक्षरांत लिहून घ्यावं लागतं. त्यात ‘काल’ आणि ‘काळ’ एकच होतात, ‘तण’ आणि ‘तन’ एकच होतात. अर्थ संदर्भानं लावायचा. मी स्वतःपुरता एक नियम केला आहे: दीर्घ ‘आ’साठी ए दोनदा. बाकीचं सोडून दिलं. नियम जितके जास्त, तितकं ऐकताना अडखळायला होतं.

आता ऐका

खरं काम इथून पुढे आहे. कागदावरचे ठिपके बघून मॉर्स येत नाही. मी महिनाभर तक्ता भिंतीवर लावून पाठ केला होता. आजोबांनी ताटावर एक शब्द वाजवला आणि मला एक अक्षर ओळखता आलं नाही. डोळ्यांनी पाठ केलेलं कानाला सापडत नाही: ऐकलेला ठोका मनातल्या तक्त्यावर शोधेपर्यंत पुढची दोन अक्षरं निघून जातात.

लिहा:

सीडब्ल्यू वजा-डब्ल्यू १२ वजा-टी ६००

आकडे इंग्रजी कळांनीच द्या. मग पोहे टाइप करून एन्टर दाबा, शब्द वाजेल. वजा-डब्ल्यू हा वेग आहे, मिनिटाला १२ शब्द. वजा-टी हा सूर, ६०० हर्ट्झ. काही सांगितलं नाही तर प्रोग्रॅम ८०० हर्ट्झवर वाजवतो. तो आजोबांना टोचायचा. ‘सूर खाली घे जरा,’ म्हणाले. ६०० वर आणला तेव्हा कुठे मान हलली. थकलेल्या कानांना खालचा सूर सोपा जातो.

मिनिटाला १२ शब्द म्हणजे काय, हे एकदा हिशेबानं समजून घ्या. मॉर्समध्ये सगळं एका ठिपक्याच्या लांबीवर मोजतात. रेघ तीन ठिपक्यांची. एकाच अक्षराच्या आतली फट एका ठिपक्याची, दोन अक्षरांमधली तीनची, दोन शब्दांमधली सातची. वेग मोजायला ‘पॅरिस’ हा शब्द धरतात, कारण मागच्या फटीसह तो बरोबर ५० ठिपक्यांचा भरतो. १२०० ला वेगानं भागलं की ठिपक्याची लांबी मिलिसेकंदांत मिळते, म्हणजे १२ च्या वेगाला ठिपका १०० मिलिसेकंदांचा. आता पोहे मोजा: पी ११, फट ३, ओ ११, फट ३, एच ७, फट ३, ई १. एकूण ३९ ठिपके. चार सेकंदांना थोडं कमी. पुन्हा वाजवा आणि घड्याळाकडे बघा.

वेग कमी करू नका, फट वाढवा

नवखा माणूस वेग पाचवर आणतो. मीही आणला होता. मग माणूस ठिपके मोजायला लागतो, आणि मोजायची सवय एकदा लागली की ती सोडवणं फार जड जातं. अक्षर वेगातच वाजू द्यावं, विचार करायला वेळ हवा तो दोन अक्षरांच्या मध्ये घ्यावा. हॅम रेडिओवाले याला फार्न्सवर्थ पद्धत म्हणतात. त्यासाठी वजा-जी आहे:

सीडब्ल्यू वजा-डब्ल्यू १८ वजा-जी १५ वजा-टी ६००

अक्षरं १८ च्या वेगानं येतात आणि प्रत्येकानंतर १५ ठिपक्यांची जादा फट पडते. दर आठवड्याला ती दोन-तीननं कमी करत जा.

सुरुवात सगळ्या अक्षरांनी करू नका. के आणि एम, दोनच घ्या. कान दहापैकी नऊ वेळा बरोबर सांगू लागला की तिसरं जोडा. ही कॉख नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञाची रीत, आणि माझ्या अनुभवात हीच खरी उपयोगी.

उत्तर आधी दिसू नये म्हणून घरातल्या दुसऱ्या कोणाकडून एका फाइलीत अक्षरं लिहून घ्या. आमच्याकडे हे काम आई करते. फाइलीचं नाव ‘धडा’ असेल तर:

सीडब्ल्यू वजा-ई वजा-डब्ल्यू १८ वजा-जी १५ वजा-एफ धडा

वजा-ईमुळे वाजणारी अक्षरं पडद्यावर उमटत नाहीत. वही-पेन घ्या, ऐका, लिहा, मग आईच्या फाइलीशी ताडून बघा. एखादं अक्षर सुटलं तर तिथे रेघ मारून पुढे जा. मागचं आठवत बसलात की पुढचंही जातं. आईला एवढंच सांगून ठेवा की टक्क्याचं चिन्ह आणि चौकटी कंस घालू नकोस, सीडब्ल्यू त्यांना आज्ञा समजतो.

आजोबांना पहिल्यांदा लॅपटॉपवर पोहे ऐकवले तेव्हा त्यांना ते कळले नाहीत. मला धक्काच बसला. मग त्यांनी समजावलं: तारघरात असा सूर नसायचा, लोखंडी पट्टीचा ‘कडकट्ट’ असायचा. पट्टी खाली आपटली की एक टोला, वर उठली की दुसरा, आणि त्या दोन टोल्यांमधल्या वेळावरून ठिपका की रेघ ते ओळखायचं. सलग सुराची त्यांना सवयच नव्हती. दोन दिवस ते रोज चहाच्या वेळी लॅपटॉपजवळ येऊन बसले. तिसऱ्या दिवशी मी वजा-जी काढून टाकलं, वेग २० केला, आणि आईच्या फाइलीतलं एक वाक्य लावलं. ते डोळे मिटून अक्षरामागून अक्षर बोलत गेले, आणि वाक्य संपलं तेव्हा माझ्या वहीत चारच अक्षरं होती.