गेटवेवर नंबर बदलण्याचे नियम लिहिताना या चुका टाळा

गेटवे म्हणजे ऑफिसचे फोन बाहेरच्या नेटवर्कला जोडणारं यंत्र. कॉल लागला नाही की पहिला संशय ट्रंकवर, म्हणजे सेवादात्याकडे जाणाऱ्या जोडणीवर. पण पुष्कळदा ट्रंक व्यवस्थित रजिस्टर असते आणि पलीकडे गेलेला नंबरच चुकलेला असतो. म्हणून नियमांना हात लावण्याआधी सिप ट्रेस (कॉल जोडताना झालेल्या संदेशांची नोंद) काढा आणि बाहेर गेलेल्या इन्व्हाइटमधला, म्हणजे कॉल मागणाऱ्या संदेशातला, रिक्वेस्ट यूआरआय (ज्या नंबरावर कॉल मागितला तो पत्ता) वाचा. फोनवर काय दाबलं याला इथे किंमत नाही. उत्तरात ४८४ हा कोड आला तर पलीकडच्याला नंबर अपुरा वाटला, ४०४ आला तर तो सापडलाच नाही. दोन्ही वेळा शोध अंकांतच घ्यायचा.

सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक टप्प्याची. बऱ्याच गेटवेवर नियम राउटिंगच्या (कॉल कोणत्या ट्रंकवर पाठवायचा हे ठरवण्याच्या) आधी लावायचा की नंतर, हे निवडता येतं. समजा बाहेरच्या कॉलसाठी ९ दाबायचा आहे. तुम्ही आधीच्या टप्प्यात ९ काढला आणि राउटिंगमध्ये मात्र 'ज्याची सुरुवात ९ ने, तो कॉल ट्रंकवर' असं लिहिलंय. तिथे पोचेपर्यंत ९ उरलेलाच नाही, मग जुळणार काय? माझ्या मते ट्रंकच्या आवडीनिवडी राउटिंगनंतरच सांभाळाव्यात. एका ट्रंकला + हवा असतो, दुसरीला नुसता देशांतर्गत नंबर. आधीच बदल केला तर पर्यायी ट्रंकवर वळलेला कॉल हमखास पडतो.

सिस्कोचा गेटवे वापरणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. पॉट्स डायल-पिअर (टेलिफोन लाइनकडे कॉल पाठवणारी नोंद) पॅटर्नमधले नेमके जुळलेले अंक आपणहून कापतो. अंक गायब दिसले की लोक ट्रान्सलेशन रूल (नंबर बदलण्याचे नियम) उलटेपालटे करत बसतात, हवी असते फक्त 'नो डिजिट-स्ट्रिप' ही सेटिंग. ९ काढणाऱ्या रूलमध्ये 'नंबराची सुरुवात' सांगणारी ^ खूण विसरलात तर ९ नंबरात कुठेही सापडतो आणि २४९१ चा २४१ होतो. 'टेस्ट व्हॉइस ट्रान्सलेशन-रूल' ही कमांड कॉल न लावता हे दाखवते. ती न वापरणं म्हणजे निव्वळ आळस.

नियम सहसा वरून खाली तपासले जातात आणि पहिला जुळला की पुढचे बघितले जात नाहीत. नेमके नियम वर, ढोबळ खाली. जिथे आपत्कालीन नंबर ९९९ आहे, तिथे 'पहिला ९ काढा' हा नियम वर राहिला तर पुढे ९९ जातो. असा नंबर न बदलता जाऊ देणारा नियम सगळ्यात वर हवाच.

आयएसडीएन (डिजिटल टेलिफोन लाइन) बाजूला अंकांसोबत नंबरचा प्रकारही जातो. प्रकार 'इंटरनॅशनल' आणि अंकांपुढे ००, असं दोन्ही पाठवू नका. एक्स्चेंज कॉल नाकारू शकतं. कॉज कोड २८ (नंबरचं स्वरूप चुकीचं किंवा अपुरं) दिसला तर आधी इथेच बघा.

शेवटी कॉल करणाऱ्याचा नंबर. बाहेर जाताना नुसतं २०४ एक्स्टेंशन पाठवलं तर सेवादाता कॉल नाकारू शकतो किंवा त्याच्याकडे ठरलेला नंबर टाकू शकतो. येणाऱ्या कॉलच्या नंबरापुढे ९ जोडायला विसरलात, तर मिस्ड कॉलवरून परत लावलेला फोन लागत नाही.