मनातलं रान जलरंगात रंगवताना या चुका टाळा

मे महिन्यात पारा 45 अंशांच्या वर गेला की नागपुरात दुपारी घराबाहेर पडायची सोय नसते. अशा वेळी टेबलावर एक कागद, दोन ग्लास पाणी आणि मनात कधीच न पाहिलेली एखादी दरी असली, की तास दोन तास कसे जातात कळत नाही. या आनंदावर विरजण पडतं ते बहुतेक वेळा पाण्याचा अंदाज चुकल्यामुळे.

व्हिडिओतल्या वेळेवर विसंबू नका

व्हिडिओतला चित्रकार ओल्या कागदावर निवांत ढग काढत बसतो, कारण त्याच्याकडची हवा दमट असते. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात आकाशाचा खालचा भाग रंगवेपर्यंत वरचा वाळलेला असतो आणि मधोमध नको ती रेघ उमटते. मग घाईघाईने त्यावर ब्रश घासला जातो आणि आकाश आणखी बिघडतं.

कागद दोन्ही बाजूंनी ओला करा आणि ॲक्रिलिकच्या शीटवर किंवा जुन्या सनमायकाच्या तुकड्यावर सपाट बसवा. मागची ओल पुढची बाजूही बराच वेळ ओली ठेवते. कागद 300 जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला 300 ग्रॅम वजनाचा, जाड), शक्यतो सुती घ्या. रंगांवर थोडे पैसे वाचवले तरी चालतील, कागदावर नको. कूलरच्या खोलीत जरूर बसा, तिथली दमट हवा जलरंगाला मानवते. फक्त कूलरचा झोत थेट कागदावर येऊ देऊ नका, नाहीतर एक कडा वाळते आणि दुसरी वाहत राहते.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कागदाची चकाकी वाचायला शिका. डोळे कागदाच्या पातळीवर आणून तिरकं बघा. पाणी आरशासारखं चमकत असेल तर रंग मोकळा पसरेल. चकाकी मंद झाली असेल तर दूरच्या झाडांच्या मऊ कडा सुंदर येतील. चकाकी नुकतीच गेली, पण कागद हाताला गार लागतोय, तर ब्रश खाली ठेवा. या वेळी पाण्याचा एक थेंब पडला तरी तो अर्धवट वाळलेला रंग बाजूला ढकलतो आणि फुलकोबीसारखा डाग उमटतो.

डाग पडलाच तर चोळू नका, पूर्ण वाळू द्या. मग ओलसर ब्रशने त्याची कडा मऊ करा, नाहीतर त्यातच झुडूप शोधा. अठराव्या शतकातला इंग्रज चित्रकार अलेक्झांडर कोझेन्स शाईचे डाग टाकून त्यांतूनच नवे निसर्गदेखावे रचायला शिकवायचा. काल्पनिक चित्रात डागाला हवं तिथे वळवता येतं. समोरचं दृश्य रंगवताना ही मोकळीक क्वचितच मिळते.

काल्पनिक म्हणजे काहीही नव्हे

डोंगर जांभळा करा, आकाश हळदीचं करा, माझी काहीच हरकत नाही. पण तळ्याचं पाणी तिरकं दिसलं की बघणारा चित्रातून बाहेर पडतो. उजेडाचंही तसंच. कागदाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने सूर्याच्या दिशेचा छोटा बाण काढून ठेवा आणि प्रत्येक सावली त्याच्याशी ताडून बघा. अनेकजण सावली आणि प्रतिबिंब यांची गल्लत करतात. सावली सूर्यानुसार कुठेही पडेल. प्रतिबिंब मात्र झाडाच्या सरळ खालीच येतं. संध्याकाळी नागपुरातल्या फुटाळा तलावावर उभं राहून हे एकदा नीट बघाच.

पळसाचंही सांगतो. फाल्गुनात तो फुलतो तेव्हा झाडावर पानं जवळजवळ नसतात. हिरव्यागार पळसावर केशरी ठिपके दिले की चित्र खोटं वाटतं, आणि का ते बघणाऱ्याला सांगता येत नाही. मनातल्या रानासाठीसुद्धा नागपुरातल्या सेमिनरी हिल्स या झाडीच्या टेकडीवर चक्कर मारणं म्हणूनच उपयोगी.

सगळ्या डोंगररांगा सारख्याच गडद रंगवू नका. मागची रांग फिकट आणि निळसर, पुढची उबदार आणि ठळक ठेवा. जलरंग वाळल्यावर फिका पडतो, तेव्हा ओला असताना थोडा जास्तच गडद वाटू द्या. दगडाला काळा रंग नको; अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) मिसळून आपल्या काळ्या पाषाणाचा जिवंत करडा मिळतो. एका मिश्रणात तीनपेक्षा जास्त रंग गेले की चिखल होण्याची भीती फार.

ऋतूनुसार दोन गोष्टी

पांढरी जागा राखायला मास्किंग फ्लुइड लावत असाल तर उन्हाळ्यात ते दिवसेंदिवस कागदावर ठेवू नका आणि हेअर ड्रायरने वाळवू नका. उष्णतेने ते घट्ट चिकटतं आणि काढताना कागद सोलवटतो.

पावसाळ्यात उलट त्रास. रंगांच्या वड्या कोरड्या झाल्याशिवाय डबी बंद करू नका, बुरशी येते. कागद सिलिका जेलच्या पुड्यांसह प्लास्टिकच्या पिशवीत बंद ठेवा. ओल लागलेल्या कागदाची खळ, म्हणजे पाणी लगेच शोषलं जाऊ नये म्हणून दिलेला लेप, निकामी होते. शंका आली तर कोपऱ्यावर पाण्याचा थेंब टाका. तो लगेच शोषला जाऊन गडद ठिपका उमटला, तर तो कागद रंग तपासायला वापरा आणि चित्रासाठी दुसरा घ्या.