खवल्यांआधी खांदे: क्रीचर स्कल्प्ट करताना या चुका टाळा

मी झेडब्रश आणि ब्लेंडर ही संगणकावर थ्रीडी मूर्ती घडवायची (स्कल्प्ट करायची) सॉफ्टवेअर शिकवते. शेवटच्या प्रोजेक्टला प्रत्येकाने स्वतःच्या कल्पनेतला एक क्रीचर, म्हणजे काल्पनिक प्राणी, घडवायचा असतो, आणि दरवर्षी चौथ्या-पाचव्या दिवशी कुणीतरी लॅपटॉप माझ्यापुढे सरकवून म्हणतं, "मॅडम, सगळं केलंय, पण काहीतरी चुकतंय."

गेल्या बॅचमधल्या एका मुलाने सुरुवात शरभापासून केली होती. आपल्या किल्ल्यांच्या दरवाजांवर पंजात हत्ती धरलेला असतो, तो शरभ. सिंहाचं धड, घारीचे पंख आणि घोरपडीची कातडी असं त्याचं जनावर होतं. चार दिवस त्याने नुसते खवले कोरले होते. मी मटेरियल (पृष्ठभाग कसा दिसतो ती सेटिंग) बदलून सावल्या न दाखवणारं फ्लॅट कलर केलं आणि रंग काळा केला. खवले दिसेनासे झाले आणि पडद्यावर एक भरलेलं पोतं उरलं. मान कुठे संपते, खांदा कुठे सुरू होतो, काही कळेना. पंख पाठीला दप्तरासारखे अडकवलेले. दरवाजावरचा दगडी शरभ शेकडो पावसाळ्यांत झिजलेला असला तरी छातीच्या फुगवट्यावरून आणि वर उचललेल्या शेपटीवरून लांबूनच ओळखू येतो. फरक इथेच आहे.

म्हणून पहिल्या दिवशी दर अर्ध्या तासाने आकृती काळी करून चारही बाजूंनी फिरवा. लहान गोळे जोडून डोकं, छाती आणि कंबर ठेवा, डायनामेशचं (गोळे एकजीव करून मॉडेलची जाळी नव्याने विणणारी झेडब्रशची सोय) रिझोल्यूशन, म्हणजे जाळीची दाटी, 64 किंवा 128 असू द्या आणि बराच वेळ फक्त आकार ओढून हलवणारा मूव्ह ब्रश वापरा. या टप्प्यावर छाती दुप्पट करायला दोन मिनिटं लागतात. खवल्यांनंतर तेच करायचं तर दोन दिवस जातात, आणि मग मुलं ते करतच नाहीत.

आता त्या पंखांकडे येऊ, कारण ही चूक मला सगळ्यात जास्त दिसते. पंख ही पाठीवर वरून लावायची वस्तू नाही, पंख म्हणजे हात. वटवाघळाच्या पंखातल्या काड्या ही त्याची लांबलेली बोटं आहेत. चार पाय ठेवून पंख दिले की तुमच्या जनावराला खांद्यांच्या दोन जोड्या झाल्या. दुसऱ्या जोडीच्या चपट्या हाडाला फासळ्यांवर जागा लागणार, म्हणजे धड लांबवावं लागणार. शिवाय पंख खाली ओढणारे मोठे स्नायू छातीवर असतात, पाठीवर नाही. कबुतराची छाती समोरून बघा, मधल्या उभ्या हाडाच्या दोन्ही बाजूंना किती मांस आहे ते दिसेल. त्या मुलाने छाती खोल केली, पंखांचं मूळ पुढे आणून खांद्यामागे बसवलं, आणि एकही खवला नसताना ते जनावर जिवंत वाटायला लागलं.

मागच्या पायांचंही असंच. कुत्र्याचा गुडघा उलटा असतो असं समजून बरेच जण तो उलटा कोरतात. ज्याला आपण गुडघा म्हणतो तो त्याचा घोटा असतो. कुत्रा बोटांवर चालतो आणि खरा गुडघा वर, पोटाजवळ असतो. गल्लीतला कुत्रा बसतो आणि उठतो तेव्हा बाजूने मोबाइलवर शूट करा आणि व्हिडिओ हळू चालवून बघा. वजन कुठे पडतं हेही त्यातच दिसतं. तरसाचे पुढचे पाय मागच्यांपेक्षा लांब, म्हणून पाठ उतरती आणि सगळा भार पुढे. तुमचं जनावर कुठल्या पायांवर भार टाकून उभं आहे, याचं उत्तर येईपर्यंत पुढे जाऊ नका.

पृष्ठभाग बटाट्यासारखा उंचसखल होतोय? सबडिव्हिजन, म्हणजे जाळीचे आणखी बारीक तुकडे करणं, फार लवकर वाढवली आहे. प्रत्येक पायरीला पॉलिगॉन (जाळीचे छोटे चौकोन) चौपट होतात: 8,000 चे 32,000, मग 1,28,000, मग 5,12,000. एवढ्या दाट जाळीवर ब्रश मोठे आकार हलवत नाही, फक्त टेंगळं उठवतो. खालच्या पायरीवर उतरा, आकार तिथे सुधारा, मग वर या. बोटं किंवा ओठ एकमेकांना चिकटत असतील तर तो डायनामेशचा स्वभावच आहे, जवळचे पृष्ठभाग तो एक करून टाकतो. तोंड उघडं ठेवून आणि बोटं पसरून काम करा, किंवा दात आणि नखं वेगळ्या सबटूलमध्ये (मॉडेलच्या स्वतंत्र तुकड्यात) ठेवा. बारीक काम सुरू झाल्यावर डायनामेश करू नका, ते पुसलं जातं. आधी झेडरीमेशर या झेडब्रशच्या सोयीने स्वच्छ जाळी करून घ्या, तिला सबडिव्हाइड करा आणि जुन्या मॉडेलवरचा तपशील तिच्यावर प्रोजेक्ट करा, म्हणजे उतरवून घ्या.

ब्लेंडरमध्ये ब्रशचा ठसा लांबट उमटत असेल तर बहुतेक वेळा ऑब्जेक्टचा स्केल (ताणून बदललेलं माप) अप्लाय, म्हणजे पक्का, केलेला नसतो. ऑब्जेक्ट मोडमध्ये कंट्रोल आणि ए दाबून स्केल निवडा.

झेडब्रशचं ते लालसर मेणासारखं मटेरियल पहिल्याच दिवशी बदला. त्याच्या चकाकीत खड्डे लपतात आणि सपाट भागही उठावदार वाटतो. साधं राखाडी घ्या. पर्स्पेक्टिव्ह (जवळचं मोठं, लांबचं लहान दाखवणारा कॅमेरा) बंद ठेवून घडवलेला चेहरा रेंडरमध्ये अचानक लांबुळका दिसतो, तेव्हा झेडब्रशमध्ये पी दाबून तो अधूनमधून चालू करून बघत जा.

आणि खवले? जरूर कोरा, पण एकच अल्फा (ब्रशने उमटणारा नक्षीचा ठसा) अंगभर छापू नका. खवले मांजराच्या पाठीवर मोठे, एकावर एक चढलेले खवले असतात, पण पोटावर आणि पायांच्या आतल्या बाजूला ते नसतातच. सरड्याच्या सांध्यांपाशी ते बारीक होतात, कारण तिथे कातडी वळते. माझा मुलांना एकच प्रश्न असतो: हा भाग वळतो, घासला जातो की मार झेलतो? खवल्यांचा आकार त्यावरून ठरवा.

सिमेट्री, म्हणजे एका बाजूचं काम दुसऱ्या बाजूला आपोआप उमटणं, पोज देईपर्यंत चालू ठेवा. पोज दिल्यानंतरच एक कान फाटका करा, एक शिंग तुटकं करा. आधीच बिघडली असेल तर ब्लेंडरमध्ये सिमेट्राइज आणि झेडब्रशमध्ये स्मार्ट रीसिम आहे.

डोळे चेहऱ्यावर फुगवटा काढून करू नका. वेगळा गोळा खोबणीत बसवा आणि पापणी त्याच्यावरून ओढून घ्या, म्हणजे पापणीला जाडी येते. आणि प्रत्येक मोठ्या बदलाआधी नवीन नंबर देऊन फाइल सेव्ह करा. त्या मुलाची खवल्यांआधीची फाइल शिल्लक होती, म्हणूनच त्याला छाती दुरुस्त करता आली.